पार्श्वभूमी : कोकणातला ऑफसेट आणि ‘डिजिटल’ नावाचा घोळ

गोव्यात १५५६ साली छापखाना उतरला, हे सगळ्यांना पाठ आहे. ‘डिजिटल स्वस्त की ऑफसेट’ या आजच्या वादाची मुळे मात्र अलीकडची आहेत, खिळे (धातूची सुटी अक्षरे) आणि ट्रेडल छापयंत्र मागे पडून मिनी ऑफसेट, म्हणजे प्लेटवरची शाई रबरी ब्लँकेटमार्गे कागदावर उतरवणारे छोटे मशीन, आला तेव्हाची. एकरंगी मशीनवर रंगीत कामाचा कागद चार वेळा फिरवावा लागे. पावसाळ्यात उघड्या रीमच्या (कागदाच्या गठ्ठ्याच्या) कडा ओल पितात, मधला भाग कोरडा राहतो आणि कडा लाटेसारख्या उठतात. त्यात प्रत्येक फेरीला ब्लँकेटवरचे पाणी कागद ताणते. पहिल्या रंगाला बसलेले रजिस्टर, म्हणजे रंगावर रंगाचा नेमका मेळ, चौथ्यापर्यंत सुटते आणि पत्रिकेवरच्या गणपतीच्या सोंडेला दुहेरी कड येते.

इस्रायल आणि बेल्जियममधल्या यंत्रांनी १९९३ साली प्लेटशिवाय रंगीत छपाई बाजारात आणली. आपल्याकडे पुढे टोनरची, म्हणजे रंगाची पूड उष्णतेने कागदावर चिकटवणारी, मशीन रुळली, पण तोवर ‘डिजिटल’ हा शब्द फ्लेक्सवाल्यांनी नेला होता. कुडाळात किंवा चिपळुणात ‘डिजिटल करून द्या’ म्हणा : कुणी बॅनर समजतो, कुणी टोनरची प्रिंट, तर कुणी संगणकावरून थेट काढलेली सीटीपी प्लेट, म्हणजे चक्क ऑफसेटच! मग दरपत्रके येतात ती एक चौरस फुटाला, दुसरे प्रतीला, तिसरे हजाराला. आणि त्यावरून ‘डिजिटल स्वस्त’ असा निकाल लागतो. कागदाच्या कामात हा शब्द एकटा लिहूच नये. टोनर की प्लेट, किती जीएसएम (कागदाचे वजन, चौरस मीटरला किती ग्रॅम), किती प्रती, एवढे तरी मागावे.

ऑफसेटला चार प्लेटा आणि रंग जुळेपर्यंत शंभरेक कागद आधीच खर्ची पडतात. टोनरची पहिली आणि पाचशेवी प्रत एकाच भावाची. म्हणून शंभर लग्नपत्रिका टोनरवर, जत्रेची दोन हजार पत्रके प्लेटवर. आंब्याच्या पेटीगणिक वेगळा क्यूआर हवा असेल तर प्लेटचा इलाजच नाही.

पाऊस टोनरलाही सोडत नाही. ओल्या कागदावर टोनर नीट उतरत नाही, भरीव रंगात ठिपके पडतात. तापत्या रोलरखाली ओल उडते, कागद आकसतो आणि पाठीमागची बाजू पुढच्याशी जुळत नाही. शिवाय टोनर कागदात मुरत नाही, वरच बसतो. ग्रेनच्या (कागदातल्या तंतूंच्या दिशेच्या) आडवी घडी घातली की पांढरी रेघ उमटते. अशा वेळी आधी क्रीझ (घडीसाठी दाबून पाडलेली रेघ) मारावी, आणि उरलेली रीम त्याच संध्याकाळी प्लास्टिकमध्ये गुंडाळावी.