एसएमपीएसवरचा ‘गोल्ड’ आणि ओव्हरक्लॉकला लागणारी स्थिर वीज

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, मागा, दुकानदार दोन गोष्टी विचारतो: किती वॅटचा, आणि ब्रॉन्झ की गोल्ड? ओव्हरक्लॉक करणाऱ्याने, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणाऱ्याने, तिसरी गोष्ट स्वतःहून विचारायला हवी. लोड वाढल्यावर १२ व्होल्टची लाइन किती स्थिर राहते? ‘गोल्ड घेतला म्हणजे वीज स्थिरच मिळणार’ हा समज इतका पक्का बसला आहे की शिक्का आणि स्थिरता या दोन गोष्टी एकदा नीट वेगळ्या करून पाहू.

ब्रॉन्झ, गोल्ड हे ‘८० प्लस’ या शिक्क्याचे दर्जे, आणि तो शिक्का फक्त कार्यक्षमता सांगतो. भिंतीतून ओढलेल्या विजेपैकी किती वीज पार्ट्सपर्यंत पोचते आणि किती उष्णतेत जाते, एवढंच. ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या लोडला ब्रॉन्झला ८५ टक्के लागतात, गोल्डला ९०. पार्ट्सना ३०० वॅट हवे असतील तर ब्रॉन्झ भिंतीतून साधारण ३५३ वॅट ओढेल, गोल्ड ३३३. हे वीस वॅट बिलात वाचतात आणि कॅबिनेटही तेवढं कमी तापतं. मात्र ६५० वॅटचा ब्रॉन्झ ६५० वॅटच देतो. टक्केवारी कापून उरलेले नव्हे. आणि ही चाचणी होते साधारण २३ अंशांना. नागपूरच्या मे महिन्यात बंद कॅबिनेटमध्ये काय होईल, ते त्या शिक्क्यावरून कळत नाही.

स्थिरतेचा हिशेब वेगळा आहे. एटीएक्स या पीसीच्या मानकाच्या नेहमीच्या मर्यादेनुसार १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत राहायला हवी आणि तिच्यावरचा रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली बारीक थरथर, १२० मिलिव्होल्टच्या वर जाता कामा नये. एक एसएमपीएस पूर्ण लोडला ११.९५ वर ठाम उभा असतो, दुसरा ११.५ ला टेकतो. कागदावर दोघंही पास. स्वस्त जुन्या डिझाइनमध्ये १२ आणि ५ व्होल्ट एकत्रच नियंत्रित होतात. सगळा भार १२ वर आला की १२ खाली जातं आणि ५ वर चढतं. आजच्या मशीनचा जवळजवळ सगळा भार १२ वरच असतो, म्हणून १२ मधून ५ व्होल्ट वेगळे बनवणारं डीसी-टू-डीसी डिझाइन घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

ओव्हरक्लॉकमध्ये हे जाणवतं, कारण प्रोसेसरची वीज फ्रिक्वेन्सीच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज १.२० वरून १.३५ केलं आणि क्लॉक दहा टक्के वाढवला, तर वापर सुमारे ४० टक्क्यांनी चढतो. १२५ वॅटचा प्रोसेसर १७५ वर जातो, १२ व्होल्टच्या लाइनवरचा करंट साडेदहा अँपिअरवरून साडेचौदावर.

तरीही सगळं श्रेय एसएमपीएसला देऊ नका. १२ चे १.३५ व्होल्ट करण्याचं काम मदरबोर्डवरचं व्हीआरएम करतं आणि बरीचशी थरथर तेच गिळतं. महागडा एसएमपीएस लावून क्लॉक दोनशे मेगाहर्ट्झने वाढेल, ही अपेक्षा चुकीची आहे. चांगल्या एसएमपीएसमुळे एवढंच होतं की अडचण आलीच तर ती दुसरीकडे शोधता येते.

बिघाडाची तऱ्हा पाहिली तर बऱ्याचदा दिशा कळते. ब्ल्यू स्क्रीन आली, स्ट्रेस टेस्टमध्ये (प्रोसेसरवर मुद्दाम पूर्ण भार टाकणाऱ्या चाचणीत) हिशेब चुकला, तर आधी व्हीकोअर (प्रोसेसरचं व्होल्टेज), लोड-लाइन (भार आल्यावर ते व्होल्टेज किती उतरू द्यायचं याची सेटिंग) आणि रॅम तपासा. गेम ऐन रंगात असताना मशीन कुठलीही स्क्रीन न दाखवता धाडकन बंद पडलं, तर एसएमपीएसचं संरक्षण ट्रिप झाल्याचा संशय घ्या. ग्राफिक्स कार्ड क्षणभर सरासरीच्या कितीतरी पट करंट ओढतं. तो झटका न पेलणारा एसएमपीएस स्वतःला बंद करतो. म्हणूनच २०२२ च्या एटीएक्स ३.० मध्ये, खास करून मोठ्या एसएमपीएसनी नेमलेल्या वॅटच्या दुप्पट झटका १०० मायक्रोसेकंद सोसावा, अशी अट आली. विंडोजच्या नोंदीतला ‘कर्नल-पॉवर ४१’ मात्र एवढंच सांगतो की मशीन नीट बंद झालं नाही. त्यावरून एसएमपीएसला दोष देऊ नका.

मोजायचं असेल तर सॉफ्टवेअरमधल्या १२ व्होल्टच्या आकड्यावर विसंबू नका, तो बऱ्याचदा चुकीचा असतो. मल्टिमीटरचे प्रोब प्रोसेसरच्या आठ पिनच्या कनेक्टरला मागून लावा, पिवळ्या किंवा १२ व्होल्टच्या वायरीवर आणि ग्राउंडवर, आणि स्ट्रेस टेस्ट चालू करून आकडा किती खाली येतो ते पाहा. प्रोब दोन पिनांवर एकदम टेकू देऊ नका. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, रिपल दाखवत नाही. त्याला ऑसिलोस्कोपच लागतो. तो घरी नसतो, म्हणून खरेदीआधी रिपलचे आलेख देणारी सविस्तर चाचणी शोधा आणि वॅटचा आकडा ४० किंवा ५० अंशांना दिलाय की २५ ला, तेही त्यात पाहा.