सार्क म्हणजे आपली युरोपियन युनियन का?

तासगावच्या पॅकहाऊसवर द्राक्षं भरताना परवा एकाने विचारलं, "सार्क म्हणजे आपल्याकडची युरोपियन युनियनच ना?" सार्क म्हणजे भारत, बांगलादेश, श्रीलंका अशा दक्षिण आशियातल्या देशांची संघटना. दोन्हीकडे शेजारी देश, दोन्हीकडे व्यापाराची बोलणी, त्यामुळे घोळ होणारच. फरक कळतो तो नाक्यावर.

आपला कंटेनर नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात उतरला की ड्युटी, म्हणजे आयात कर, तिथेच एकदा भरायची. पुढे पेटी ट्रकने जर्मनीला जावो नाहीतर पोलंडला, वाटेत कस्टमवाला आडवा येत नाही. फवारणीच्या औषधांचा मालात किती अंश चालेल याची मर्यादाही 2008 पासून सगळीकडे एकच. (सुपरमार्केटवाले वर आपले जादा नियम लावतात, तो ताप वेगळाच.) आत नाके नाहीत, बाहेरच्या मालाला सगळ्या दारांवर एकच दर: ही कस्टम्स युनियन.

सार्क देशांचा साफ्टा 2006 पासून लागू आहे, पण तो मुक्त व्यापाराचा करार. आपसात सवलत द्यायची, बाहेरच्यांना ज्याचा त्याचा दर लावायचा. इथेच पळवाट निघते. 2000 साली सुरू झालेल्या भारत-श्रीलंका करारात तेच झालं. तिकडे पामतेलावर ड्युटी कमी, इकडे जास्त. मग परदेशी पामतेल श्रीलंकेत उतरवा, वनस्पती तूप करा आणि ड्युटी न भरता भारतात पाठवा! माल मूळचा कुठला याचा दाखला लागत होता, तरी लोंढा आलाच. शेवटी कोटा ठरवावा लागला.

मग सगळ्यांनी एकच दर का ठेवू नये? कारण तो ठरवणार कोण आणि पैसा जाणार कुणाकडे? रॉटरडॅमला जमलेल्या ड्युटीतले 25 टक्के नेदरलँड्स वसुलीखर्चापोटी ठेवतं, 75 टक्के युनियनच्या तिजोरीत जातात. तिजोरी सामायिक झाली की संसद आणि न्यायालयही सामायिक लागतं. व्यापाराच्या मागोमाग राजकारण येतं ते असं.

युरोपने हे पत्करलं, कारण त्यांनी भांडणाच्या मुळालाच हात घातला. 1951 मध्ये फ्रान्स, जर्मनीसह सहा देशांनी कोळसा आणि पोलाद, म्हणजे तोफांचा कच्चा माल, एका सामायिक संस्थेच्या हाती दिला. ढाक्यात 1985 साली झालेल्या सार्कच्या सनदेने उलट केलं: निर्णय एकमताने आणि दोन देशांमधले वादाचे विषय चर्चेबाहेर. त्याच ढाक्याला आज आपली द्राक्षं जातात, ती भरभक्कम ड्युटी भरून.