काळा घोडा ते राणीची बाग: मुंबईच्या संग्रहालयांची पार्श्वभूमी

मुंबईत गाजलेल्या विशेष प्रदर्शनांच्या तारखा एकाखाली एक मांडून पाहा. इजिप्तची ममी आली 2012च्या नोव्हेंबरात. प्राचीन इराणचा सम्राट सायरस याचा मातीचा दंडगोल आला 2013च्या डिसेंबरात. भारताचा आणि जगाचा इतिहास नऊ कहाण्यांतून सांगणारं प्रदर्शन 2017च्या नोव्हेंबरात उघडलं, तर ग्रीस-रोम-इजिप्त-असिरियाच्या मूर्ती 2023च्या डिसेंबरात. चारही प्रदर्शनं काळा घोड्याजवळच्या एकाच वास्तूत, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात झाली आणि चारही पावसाळा सरल्यावर सुरू झाली.

ओलाव्याचा हिशोब ठाऊक असेल तर यात नवल नाही. लाकूड, कागद, कापड यांसाठी दालनातली आर्द्रता साधारण 50 टक्क्यांच्या आसपास स्थिर लागते. पावसाळ्यात मुंबईची हवा 80च्या वर जाते. ब्राँझला तर आणखी कोरडी हवा हवी, नाहीतर धातूत दडलेले क्लोराइडचे क्षार जागे होतात आणि मूर्तीवर फिकट हिरवी भुकटी फुटते. परदेशातून आलेली पेटी म्हणूनच लगेच फोडत नाहीत, किमान 24 तास दालनाच्या हवेत बंदच ठेवतात. थंड वस्तू दमट हवेत उघडली की तिच्यावर पाणी धरतं. दगड मात्र पुष्कळ सोसतो. 2023चं मूर्तींचं प्रदर्शन पुढचा अख्खा पावसाळा काढून ऑक्टोबर 2024पर्यंत चाललं. लघुचित्रांचं तसं नाही. त्यांच्यावर 50 लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) जास्त उजेड पडू द्यायचा नसतो आणि काही महिन्यांनी ती अंधारात विश्रांतीला जातात, कारण उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. दालन काळोखं वाटलं तर दोन मिनिटं थांबावं, डोळे सरावतात.

मागचा इतिहास तसा थोडक्यात सांगता येतो. लंडन-पॅरिसच्या प्रदर्शनांसाठी इथल्या कारागिरीचे नमुने जमवताना मुंबईत संग्रह उभा राहिला, म्हणजे आधी प्रदर्शन आणि मग संग्रहालय. 1857च्या धामधुमीत लष्करी बराकीत ठेवलेल्या त्या संग्रहाची फार नासधूस झाली. राणीच्या बागेतली इमारत, म्हणजे आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, 1872मध्ये खुली झाली. काळा घोड्याच्या वास्तूची पायाभरणी 1905ची. बांधकाम 1914मध्ये झालं, पण महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होतं. संग्रहालय म्हणून दारं उघडली ती 1922मध्ये. दोन्हींची नावं पुढे बदलली, बागेतल्याचं 1975 साली आणि काळा घोड्याजवळच्याचं 1998 साली.

खरा गुंता 1965चा आहे. त्या वर्षी ब्रिटिश राजपुरुषांचे पुतळे मुंबईच्या चौकांतून उतरवले आणि राणीच्या बागेत संग्रहालयामागे नेऊन ठेवले. ज्या घोड्यावरून परिसराला नाव पडलं तो ब्राँझचा घोडा, त्यावरचा युवराज (पुढचा राजा सातवा एडवर्ड) आणि फोर्टातली संगमरवरी राणी व्हिक्टोरिया, सगळे तिथेच गेले. 1896मध्ये पुण्याहून आलेल्या क्रांतिकारकांनी डांबर फासलं आणि चपलांचा हार घातला तो हाच राणीचा पुतळा. म्हणजे आपल्या लढ्याची एक खूणही त्याच्यासोबत बागेत आली.

हे जतन म्हणायचं की अडगळीत टाकणं? पुतळे चौकातून काढणं रास्तच होतं. परक्या राज्यकर्त्यांना भर चौकात मान देत राहण्याचं काही कारण नव्हतं. पण काढल्यावर ते उघड्यावर ठेवणं चुकलं. संगमरवर म्हणजे चुनखडीचंच रूप, शहरातल्या पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी त्याला थोडं थोडं खातं. नाक, बोटं, वस्त्राच्या कडा आधी बोथटतात आणि चुण्यांत काळं शेवाळ बसतं. ब्राँझवर पापुद्रा धरतो, तो आतल्या धातूला पुष्कळ सांभाळतो. त्यामुळे तेवढ्याच पावसात घोडा टिकतो आणि राणी झिजते. काळा घोड्याच्या चौकात 2017मध्ये नवा घोडा बसवला, स्वाराशिवाय. मूळ प्रश्न तेवढ्याने सुटत नाही; जुन्या पुतळ्यांना छप्पर आणि नीट माहितीफलक द्यायलाच हवा.

बागेतल्या इमारतीचा मोठा जीर्णोद्धार 2003मध्ये सुरू झाला. पालिका, एक खासगी प्रतिष्ठान आणि वारसा जपणारी एक संस्था असा तिहेरी करार त्यासाठी झाला. 2005मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला आणि 2008मध्ये दारं पुन्हा उघडली. त्यानंतर तिथे आजच्या चित्रकार-शिल्पकारांना जुन्या मातीच्या बाहुल्या आणि नकाशे यांच्यामधेच आपलं काम मांडायला बोलावलं गेलं. विशेष प्रदर्शनाची ही दुसरी रीत. इथे पाहुणी वस्तू परदेशातून येत नाही, घरच्याच वस्तूंकडे पाहण्याची नजर नवी असते.

बुधवारी हे संग्रहालय बंद असतं. आत शिरण्याआधी आवारातला दगडी हत्ती पाहावा. घारापुरीचं एलेफंटा हे नाव पडलं ते याच्यावरून. 1864मध्ये त्याला विलायतेला न्यायला उचलताना यारीचा दांडा मोडला आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे पुढे जोडले. जवळ जाऊन अंगावरून नजर फिरवली की सांधे दिसतात.