नकळत शिकलेला क्रम कसा पकडायचा

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या शाळेला विज्ञान प्रदर्शनासाठी जरा वेगळा विषय हवा असेल, तर नकळत शिकण्याचा हा विषय जरूर घ्यावा. एक संगणक पुरतो.

पडद्यावर एका ओळीत चार चौकोन. ज्यात ठिपका उमटेल, त्याचं बटण दाबायचं. अर्ध्या सेकंदाने पुढचा ठिपका. मुलांना सांगायचं एवढंच, की वेग मोजतोय. ठिपके मात्र ठरलेल्या क्रमाने फिरतात. १९८७ मध्ये निसेन आणि बुलेमर या मानसशास्त्रज्ञांनी अशाच मांडणीत १० जागांचा क्रम वापरला. कोर्साकॉफ आजाराने स्मरणशक्ती गेलेले रुग्णही तो शिकले, आणि त्यात काही क्रम होता याचा त्यांना पत्ताच नव्हता.

क्रम निवडताना घोळ होतो. १-२-३-४ (आकडे म्हणजे चौकोनांचे क्रमांक) लगेच लक्षात येतो. त्यापेक्षा १२१३४२३१४३२४ घ्या. यात प्रत्येक चौकोन तीनदा येतो आणि लागोपाठची प्रत्येक जोडी एकदाच. त्यामुळे नुसत्या आधीच्या ठिपक्यावरून पुढचा ओळखता येत नाही; आधीचे दोन धरावे लागतात.

हा क्रम आठ वेळा फिरवला की ९६ ठिपक्यांची एक फेरी होते. सहा फेऱ्यांत वेग वाढेल, पण तो नुसता हात बसल्यानेही वाढतो. इथेच बहुतेक प्रयोग फसतात. म्हणून सातव्या फेरीत गुपचूप १२३४१३२१४२४३ हा क्रम लावा आणि आठवीत पुन्हा पहिला. दुसऱ्या क्रमातही जोड्या त्याच आहेत, फक्त प्रत्येक जोडीनंतरचा ठिपका वेगळा. सातवीत बटण दाबायला लागणारा वेळ वाढला आणि आठवीत उतरला, तरच मुलं क्रम शिकली म्हणायचं. निम्म्या मुलांना दोन्ही क्रमांची अदलाबदल करून द्या, म्हणजे एखादा क्रम मुळातच सोपा असल्याची शंका उरणार नाही.

चुकीची दाबणी वगळा. सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे वेळा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी, घ्या. बाहेर हॉर्न वाजला आणि मूल दचकलं, तर तेवढ्या एका दाबणीने सरासरी बिघडते.

‘काही लक्षात आलं का?’ हे शेवटीच विचारा. आधी विचारलंत तर मुलं क्रम शोधायला लागतील. आणि ‘नाही’ या उत्तरावर विसंबू नका, कारण अर्धवट कळलेलं असलं तरी मुलं नाहीच म्हणतात. दोन ठिपके दाखवून तिसरा विचारा. तोच चौकोन लागोपाठ येत नाही, त्यामुळे पर्याय तीनच राहतात. १२ जोड्यांपैकी साधारण ४ निव्वळ अंदाजाने बरोबर येतात. एकट्या मुलाचे ५-६ आले म्हणून काही सिद्ध होत नाही. पण ९-१० आले, तर त्याला क्रम बहुधा कळला होता. त्याचे आकडे वेगळे काढून ठेवा.