छातीच्या आवाजातला वरचा षड्ज: घसा न ताणण्याची विद्या कुठून आली

१८२९ मध्ये पॅरिसला इटालियन संगीतकार रॉसिनीचा ‘गियोम तेल’ हा ऑपेरा पहिल्यांदा झाला. त्यात आर्नोल्डची भूमिका करणारा अडॉल्फ नूरी वरच्या जागा हलक्या, मस्तकातल्या आवाजात घेत असे. टेनर, म्हणजे उंच आवाजाच्या पुरुष गायकांची तेव्हाची रीतच ती होती. १८३१ मध्ये इटलीतल्या लुक्का गावी जिल्बेर द्युप्रे या टेनरने याच भूमिकेत वरचा ‘सी’ हा पाश्चात्त्य स्वर छातीच्या भरीव आवाजात लावला. १८३७ मध्ये पॅरिसनेही तो ऐकला आणि श्रोत्यांची आवडच फिरली. पेटीवर सांगायचं तर पांढरी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तार षड्जाच्याही वरचा हा षड्ज, सुमारे ५२३ हर्ट्‌झ.

त्याची किंमत मोठी होती. नूरी नवी पद्धत शिकायला इटलीत संगीतकार दोनिझेत्तीकडे गेला, त्यात जुना हलका आवाज हरवून बसला आणि १८३९ मध्ये नेपल्सला त्याने जीव दिला. द्युप्रेचा आवाजही लवकर उतरला.

‘छातीचा आवाज’ या नावानेच घोटाळा केला आहे. १८४० मध्ये लिऑनचे डॉक्टर दिदे आणि पेत्रकँ यांनी नोंदवलं की या गायकीत स्वर चढतो, पण स्वरयंत्र खालीच राहतं आणि आवाज गडद होतो. म्हणजे खालचा आवाज जसाच्या तसा वर ओढला जात नाही. स्वर चढताना स्वरतंतू जाड ठेवणारा स्नायू हळूहळू सैल पडावा लागतो आणि त्यांना ताणून पातळ करणाऱ्याने काम हाती घ्यावं लागतं. पहिला सुटला नाही की गायक श्वास रेटतो, हनुवटी उचलतो, जिभेचं मूळ आवळतो. घसा ताणला जातो तो इथे.

आपल्याकडे रियाज मोकळ्या ‘आ’काराचा, म्हणून पुढची गोष्ट महत्त्वाची. उघड्या ‘आ’ची पहिली गुंज, म्हणजे घसा-तोंडाची पोकळी ज्या कंपनाला सर्वांत आधी साथ देते ती जागा, साधारण ७०० हर्ट्‌झला असते. पांढरी एकच्या तार मध्यमाची, म्हणजे ३४९ हर्ट्‌झची, दुप्पट ६९८; स्वरात मिसळलेलं हे दुप्पट कंपन इथे त्या गुंजेला गाठतं. तिथून वर ‘आ’ तेवढाच उघडा ठेवला तर गुंज स्वराच्या मागे ओढली जाते, स्वरयंत्र चढतं आणि गाण्याची आरोळी होते. तार गंधारापासूनच ‘आ’ला ‘ऑ’ची किंचित छटा द्यावी. ऐकणाऱ्याला ‘आ’च ऐकू येतो. भारी आवाजाच्या पुरुषांनी हे दोन-तीन स्वर आधीच करावं.

सराव ‘ऊ’वर सुरू करावा, मग ‘ओ’, शेवटी ‘आ’. एका वेळी अर्धाच स्वर चढावा, आणि वरच्या टापूत दहा मिनिटं पुरेत. नंतर तार षड्ज ‘ऊ’वर अगदी हळू लावून पाहावा. आधी नुसती हवा आली आणि स्वर उशिरा उमटला, तर स्वरतंतू सुजल्याची शंका घ्यावी आणि त्या दिवशी पेटी बंद करावी.