हळदीचा काढा आणि केमोची बाटली : पार्श्वभूमी

विदर्भातल्या खेड्यात कुणाला आतड्याचा किंवा जठराचा कॅन्सर निघाला की दोन-चार दिवसांत घरी सल्ले सुरू होतात. कुणी वायगावची हळद सांगतं, कुणी मेळघाटातल्या भुमक्याकडची (आदिवासी वैदूकडची) मुळी, कुणी आठवडी बाजारातली पुडी. केमोनं माणूस खचतो, झाडपाल्यानं निदान अपाय तरी होत नाही, असं त्यामागचं म्हणणं. पण पचनसंस्थेच्या कॅन्सरवर सलाईनमधून जी केमो दिली जाते, तिच्यातली काही औषधं झाडांतूनच आलेली आहेत. त्यांचा इतिहास इथल्या घरांपर्यंत पोचायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरचं इरिनोटेकान घ्या. त्याचं मूळ चीनमधल्या कॅम्प्टोथेका या झाडात आहे. अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी या झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं आणि १९६६ मध्ये त्याची रचना जाहीर केली. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. प्रयोगशाळेत औषध जोरदार निघालं, पण पाण्यात विरघळेना. म्हणून त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना दिला, आणि तिथंच घात झाला. विरघळवताना रेणूतलं एक कडं उघडलं जायचं. औषधाचा गुण त्याच कड्यात होता. पुढे मूत्राशयात ते कडं पुन्हा मिटायचं आणि रुग्णाला लघवीतून रक्त जायचं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच या चाचण्या थांबल्या.

हे औषध काम कसं करतं, ते १९८५ मध्ये उलगडलं. पेशी दुभागताना तिच्या डीएनएला सुंभासारखा पीळ पडतो. टोपोआयसोमरेझ-१ नावाचं विकर (एन्झाइम) एक धागा तोडून तो पीळ सोडवतं आणि धागा परत सांधतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं सांधण्याच्या वेळी आडवं येतं, आणि भराभर वाढणारी पेशी त्यात मरते. जपानी संशोधकांनी रेणूत फेरफार करून पाण्यात विरघळणारं इरिनोटेकान तयार केलं. जपानमध्ये १९९४ ला आणि अमेरिकेत १९९६ ला त्याला मान्यता मिळाली. म्हणजे झाडापासून रुग्णापर्यंत यायला जवळपास तीस वर्षं गेली. स्वादुपिंडाच्या कॅन्सरवरच्या एका मिश्र उपचारातही ते आता असतं. मधल्या काळात, १९७२ मध्ये, भारतीय शास्त्रज्ञांना हेच द्रव्य सह्याद्रीतल्या नरक्यात सापडलं होतं. पुढे मागणी वाढली तशी या झाडाची इतकी तोड झाली की कोकण-घाटातल्या कित्येक रानांत ते दुर्मीळ झालं.

वॉल-वाणी जोडीनंच १९७१ मध्ये यू झाडाच्या सालीतलं टॅक्सॉल जगापुढे आणलं. त्याच्या कुळातली औषधं आज जठर आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर वापरतात.

आता हळद. वर्ध्याच्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गडद रंग आणि कुरक्युमिन या हळदीतल्या पिवळ्या द्रव्याचं चांगलं प्रमाण ही तिची ओळख, आणि तिचा अभिमान रास्तच आहे. कुरक्युमिन १८१५ मध्ये वेगळं झालं, त्याची रचना १९१० मध्ये कळली. १९८५ मध्ये केरळमधल्या संशोधकांनी हळदीचा कॅन्सरपेशींवरचा परिणाम प्रसिद्ध केला आणि जगभर प्रयोगांची रीघ लागली. काचेच्या बशीत पेशी मरतात, हे खरं. पण पोटात गेलेलं कुरक्युमिन रक्तात फारसं उतरतच नाही. २००८ मध्ये ह्यूस्टनच्या एका चाचणीत स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांना रोज ८ ग्रॅम कुरक्युमिन दिलं. निकाल तपासता आलेल्या २१ जणांपैकी दोघांत काही परिणाम दिसला, त्यातल्या एकात तो थोडाच काळ टिकला. चमचाभर हळदीत कुरक्युमिन काही शे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. काढ्यातून ८ ग्रॅम कसे जाणार? कॅन्सरवरचा सिद्ध उपचार म्हणून हळद अजून उभी राहिलेली नाही. भाजीतली हळद खुशाल खावी. पण काढ्याच्या भरवशावर ऑपरेशन किंवा केमो पुढे ढकलणं जिवावर बेततं. पहिल्या टप्प्यातली गाठ काढता येते, यकृतात पसरल्यावर तेच काम फार अवघड होतं.

केमो चालू असताना गुपचूप घेतलेला काढा हा आणखी एक धोका. हळदीच्या गोळ्यांत बहुतेक वेळा मिरीचा अर्क असतो, कारण मिरीतलं पायपरीन कुरक्युमिन रक्तात टिकवतं. पण तेच पायपरीन इतर औषधं मोडणाऱ्या यकृतातल्या विकरांनाही मंदावतं, आणि इरिनोटेकानचा काही भाग त्याच वाटेनं निकामी होतो. ती वाट मंदावली की औषध अंगात जास्त साचू शकतं. शिवाय इरिनोटेकानमुळे घरी गेल्यावर, कधी बऱ्याच दिवसांनीही, जोराचे जुलाब लागतात. बाजारच्या पुड्यांत सोनामुखी, हिरडा बऱ्याचदा असतात आणि ते पोट आणखी मोकळं करतात. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचायलाही जिथं एसटीची वाट बघावी लागते, तिथं अंगातलं पाणी कमी होणं जिवावर उठतं. पुडी आधीच घेतली असेल तर ती पुढच्या केमोला सोबत न्यावी आणि सलाईन लागण्याआधी डॉक्टरांना दाखवावी.