स्मृतिभ्रंश टाळता येतो, हा विचार आला कुठून?

रक्तदाब आटोक्यात ठेवा, रोज चाला, माणसांत मिसळा, ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावा. मेंदू जपण्यासाठी आज डॉक्टर जे सांगतात, त्यात खास मेंदूसाठी म्हणावं असं फारसं काही नसतं. सगळा रोख पूर्ण माणसावर असतो. सल्ले इतके साधे की ते पूर्वापार दिले जात असावेत असं वाटतं. पण स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत ही दृष्टी बरीच अलीकडची आहे, आणि ती मुख्यतः हृदयविकाराच्या अभ्यासातून आली आहे.

जर्मन डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनी 1901 मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टं डेटर या स्मरणशक्ती ढासळलेल्या 51 वर्षांच्या स्त्रीला तपासलं. 1906 मध्ये ती वारल्यावर त्यांनी तिच्या मेंदूचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींच्या मधे साचलेले थर आणि पेशींच्या आत गुंतलेले तंतू त्यांना दिसले. 1910 मध्ये मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं. पण तो तुलनेने तरुण वयातला, दुर्मीळ आजार म्हणून. म्हातारपणीचा विसरभोळेपणा वेगळ्या खात्यात राहिला. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून लोक तो सोडून देत आणि डॉक्टर रक्तवाहिन्या कडक झाल्याचं कारण सांगत.

हे खातं बंद व्हायला साठेक वर्षं लागली. 1968 मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ या संशोधकांनी वृद्धांच्या मेंदूंतले थर मोजून, ते जितके जास्त तितका स्मृतिभ्रंश तीव्र, असा संबंध दाखवला. 1976 मध्ये अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका छोट्या संपादकीयात ठणकावून सांगितलं की म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश आणि अल्झायमर हे दोन आजार मानण्याचं कारण नाही. त्या लेखाने एक ‘दुर्मीळ’ व्याधी लाखोंची झाली. संशोधनाला पैसा मिळाला, घरच्यांना आजाराचं नाव मिळालं. किंमतही मोजावी लागली, असं मला वाटतं. एक आजार, एक कारण, एक औषध हा शोध सुरू झाला आणि ‘रक्तवाहिन्यांमुळे’ हे जुनं उत्तर कालबाह्य ठरून अडगळीत गेलं. ते अपुरं होतं, पण साफ चुकीचं नव्हतं.

ते परत आलं फिनलंडच्या पूर्व टोकाहून. उत्तर कारेलिया भागात मध्यमवयीन पुरुष हृदयविकाराने इतके मरत होते की 1972 मध्ये तिथे लोकांचा आहार, धूम्रपान आणि रक्तदाब बदलण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. त्याच्या पाहण्यांत हजारो लोकांचा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल नोंदवलं गेलं. मोजणाऱ्यांच्या डोक्यात तेव्हा स्मृतिभ्रंश नव्हता, हृदय होतं. पुढे या पाहण्यांतले लोक 65 ते 79 वर्षांचे झाले, तेव्हा मिआ किवीपेल्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतल्या 1449 जणांची स्मरणशक्ती तपासली. सरासरी एकवीस वर्षं मधे गेली होती. 2001 मध्ये निष्कर्ष आला: मध्यम वयात ज्यांचा वरचा रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल जास्त होतं, त्यांच्यात म्हातारपणी अल्झायमर जास्त आढळला. यातला कळीचा मुद्दा ‘मध्यम वयात’ हा आहे. सत्तरीत विसरायला लागलेल्या माणसाच्या आजाराची सुरुवात पन्नाशीच्या नोंदींत शोधायची, ही नजर इथून पक्की झाली.

दुसरा धागा अमेरिकेतल्या नन्सचा. डेव्हिड स्नोडन यांच्या अभ्यासात 678 नन्स सहभागी झाल्या आणि मृत्यूनंतर आपला मेंदू तपासायला देण्याचं त्यांनी मान्य केलं. 1997 मध्ये दिसलं ते असं: मेंदूत अल्झायमरच्या खुणा पुरेशा असलेल्या नन्समध्येही, ज्यांना सोबत बारीक पक्षाघात होऊन गेले होते, त्यांच्यात स्मृतिभ्रंश कितीतरी जास्त होता. याउलट काही जणींच्या मेंदूत खुणा भरपूर, पण वागण्या-बोलण्यात शेवटपर्यंत फरक नाही. अशी माणसं कॅट्झमन यांनाही 1988 मध्ये आढळली होती. त्यातून मेंदूची ‘राखीव क्षमता’ ही कल्पना पुढे आली. शिक्षण, बौद्धिक काम आणि माणसांची सोबत यांना तिच्यात जागा मिळाली.

तरीही एकच रामबाण शोधण्याचा मोह सुटला नव्हता. 2003 मध्ये कळलं की पासष्टीपुढच्या स्त्रियांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी संमिश्र संप्रेरकं (हार्मोन्स) दिल्याने स्मृतिभ्रंशाचा धोका घटण्याऐवजी दुप्पट होतो. 2008 मध्ये तीन हजारांवर लोकांच्या चाचणीत गिंको या झाडाच्या पानांच्या अर्काचा उपयोग शून्य ठरला. 2010 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञमंडळाने, कोणत्याही उपायाबद्दल ठाम सांगण्याइतका पुरावा नाही, असा कोरडा निवाडा दिला.

किवीपेल्टोंच्या ‘फिंगर’ चाचणीने मग सगळं एकत्र केलं. 60 ते 77 वयाचे, धोका थोडा जास्त असलेले 1260 फिनिश लोक. आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखर-कोलेस्टेरॉलवर नजर, दोन वर्षं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात या गटाची बौद्धिक चाचण्यांतली सुधारणा साधा सल्ला मिळालेल्या गटापेक्षा 25 टक्के जास्त होती. बातम्यांत याचं ‘स्मृतिभ्रंश टळला’ असं झालं. चाचणीने ते मोजलंच नव्हतं. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या, साडेतीन हजार लोकांच्या आणि सहा वर्षांच्या चाचणीत हृदय-रक्तवाहिन्यांच्या काळजीने स्मृतिभ्रंशाचं प्रमाण घटलेलं दिसलं नाही. तिथे नेहमीची वैद्यकीय सेवाच चांगली होती, हे त्यामागचं एक संभाव्य कारण मानलं जातं.

‘संपूर्ण माणूस’ पाहण्याचा आग्रह मुळात वेगळ्या वाटेने आला होता. 1977 मध्ये अमेरिकी डॉक्टर जॉर्ज एंजेल यांनी शरीर, मन आणि समाज यांचा एकत्र विचार करणारं वैद्यक मांडलं. पुढे इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डमध्ये मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला आधी माणूस म्हणून वागवण्याचा आग्रह धरला. प्रतिबंध आणि शुश्रूषा या दोन वाटा अलीकडेच जवळ येऊ लागल्या आहेत.

प्रतिबंधाच्या बाजूने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाची आकडेवारी मात्र फुगत गेली: 2017 मध्ये नऊ धोके आणि 35 टक्के, 2020 मध्ये बारा आणि 40, 2024 मध्ये दृष्टिदोष व कोलेस्टेरॉल धरून चौदा आणि 45. हे धोके पूर्ण नाहीसे झाले तर जगातले तितके स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील, असा हा हिशेब आहे. एखाद्याने चौदाही गोष्टी पाळल्या म्हणून त्याचा स्वतःचा धोका 45 टक्क्यांनी उतरेल, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. शिवाय यादीत प्रदूषित हवा आणि लहानपणीचं अपुरं शिक्षणही आहे. ते काय एकट्या माणसाच्या हातात असतं?

2025 मध्ये अमेरिकेत फिंगरच्या धर्तीवरच्या 2111 जणांच्या चाचणीचा निकाल लागला. काटेकोर मार्गदर्शन मिळालेले लोक आणि स्वतःच्या मर्जीने बदल करणारे लोक, दोन्ही गट सुधारले. पहिला जरासा पुढे राहिला. काहीच न करणारा तिसरा गट मात्र नव्हता. त्यामुळे या सुधारणेत खरा बदल किती आणि त्याच चाचण्या पुन्हा पुन्हा दिल्याने झालेला सराव किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही.